भिंतीपलीकडचे पंखे

वास आधी अय्याजच्या नाकाला लागला. दुकानाच्या पायरीवर बसून तो एका माउसची तुटलेली वायर जोडत होता. आत पोरं कानाला हेडफोन लावून पडद्यावर एकमेकांना गोळ्या घालत होती. तापलेल्या वार्निशचा तो वास ओळखायला त्याला विचार करावा लागला नाही, कारण कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारींच्या सोबतीनं त्याची वीस वर्षं गेली होती. पक्कड तशीच टाकून तो आत धावला, तोवर चार नंबरच्या मशीनचा पडदा काळा झाला होता आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर चढत होती.

त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. चार नंबरवर बसलेली निकिता खुर्चीतून उठून मागे सरकली होती.

"चाचा, माही फिल्म," ती म्हणाली.

"किती झालती?"

"नव्वद टक्के. सकाळी नऊपासून लावून ठेवली होती."

अय्याजनं घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते. फिल्म सहा वाजेपर्यंत पाठवायची होती, हे सगळ्या दुकानाला माहीत होतं.

निकिता नेर या तालुक्याच्या गावापासून आठ किलोमीटरवरच्या खेड्यातली. तिला पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकायला जायचं होतं आणि त्यासाठी स्वतः केलेली दोन मिनिटांची फिल्म जानेवारीच्या त्या तारखेपर्यंत पाठवायची होती. कापसाच्या वावरातलं एक बुजगावणं कंटाळून गावाकडे चालू लागतं, अशी ती फिल्म. चार महिने ती रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि चार नंबरवर बसून त्या बुजगावण्याला एकेक पाऊल चालायला शिकवायची. चित्रं जोडून शेवटची फिल्म तयार व्हायला सहा-सात तास लागत, आणि एवढा भार पेलणारी मशीन तालुक्यात फक्त या गेम झोनमध्ये होती.

अय्याजनं जळक्या मशीनमधली डिस्क काढून दोन नंबरला लावली. फिल्मचं सामान शाबूत होतं, पण सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं आणि हातात अडीच तास होते. तरी निकितानं ते सुरू केलं. सहा वाजले तेव्हा पडद्यावर अडतीस टक्के दिसत होते. तिनं हात मांडीवर ठेवले आणि आकडा चाळीस होईपर्यंत पाहत बसली.

तिचे वडील वामनराव तिला न्यायला आले होते. अय्याज त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"चूक माही आहे, भाऊ," तो म्हणाला. "मशीन तापली. पंख्याचं सगळं मीच पाह्यतो इथं."

वामनरावांनी मुलीची बॅग उचलली. तेवढ्यात आलेला दुकानातला भागीदार पूनमसिंग काउंटरमागे उभा होता. ते दोघे गेल्यावर त्यानं अय्याजच्या खांद्यावर हात ठेवला. "मशीन आहे, बाप्पा. जळते कधी कधी. मनाले लावून नको घेऊ."

अय्याजनं ते मनाला लावून घेतलं. कारण पंखे हा त्याच्या आयुष्यातला एकमेव विषय होता, ज्यात त्याला कुणी चुकलेलं पाहिलं नव्हतं.

जिनिंगमध्ये कापूस माणसं उचलत नाहीत, हवा उचलते. मोठाल्या पंख्यांच्या जोरावर तो पाइपांतून मशीनपर्यंत ओढला जातो. हवा कमी पडली की पाइप तुंबतो आणि जास्त झाली की धागा खराब होतो. अय्याज तिथे फिटर होता. शेडच्या दारातूनच आवाज ऐकून तो सांगायचा, की तीन नंबरचा पट्टा ढिला आहे. पूनमसिंग त्याच जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता. दोघांचे डबे एकत्र उघडायचे. अय्याजची बायको अस्मा डबा भरताना दोन भाकरी जास्तीच्या टाकायची, आणि ईदच्या दिवशी पूनमसिंग पहिला दारात असायचा.

मग कापसाची वाईट वर्षं आली. एका हंगामात जिनिंग उशिरा सुरू झाली, पुढच्या हंगामात दीडच महिना चालली आणि नंतर मालकानं कुलूपच लावलं. गेम झोनची कल्पना पूनमसिंगची. त्याचा भाचा अमरावतीला असल्या दुकानात जायचा. "पोरायले खेळाले जागा नाई इथं," तो म्हणाला होता. "मशिनी मी आणतो, चालवाच्या तू." अय्याजच्या घराला लागून असलेली खोली रिकामीच होती. मधे एका विटेची भिंत. दोघांनी मिळून तिथे सहा मशिनी मांडल्या.

पहिल्याच महिन्यात मशिनी बंद पडू लागल्या. अय्याजनं एक उघडली आणि त्याला हसू आलं. आत रुईचे तंतू होते. बाजार समितीच्या आवारातून उडणारा कापूस हंगामभर नेरच्या हवेत असतो, आणि पंखे तो ओढून घेत होते. त्या दिवसापासून कॅबिनेटच्या पंख्यांचं काम त्यानं हातात घेतलं. पुढच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावली. पुढचे दोन पंखे मागच्यापेक्षा जरा जास्त हवा आत ढकलतील असं केलं, म्हणजे फटीफटीतून हवा बाहेरच निघते आणि तंतू आत शिरत नाहीत. भाच्यानं त्याला वेग बदलायचा प्रोग्राम दाखवला. पडद्यावर एक रेषा असते, ती माउसनं ओढून वाकवायची. मशीन चाळीस डिग्रीवर असेल तेव्हा पंखे सावकाश, साठला निम्म्याच्या वर, पंचाहत्तरला पूर्ण जोरात. अय्याज प्रत्येक मशीनजवळ कान लावून बसायचा, कारण प्रत्येक पंखा कुठल्यातरी एका वेगाला घरघर करायचा. तो वेग टाळून तो रेषा वाकवायचा. सहा मशिनींच्या सहा वेगळ्या रेषा झाल्या. बाहेरगावची पोरंसुद्धा आपले संगणक त्याच्याकडे आणू लागली. गावातली शाळा, दोन दवाखाने, सगळ्यांची कामं त्याच्याकडे यायची.

मशिनी चालू आहेत की नाहीत, कितपत जोरात चालल्या आहेत, हे त्याला घरात बसून कळायचं. जेवताना तो मधेच म्हणायचा, "पाच नंबरवर कोणी भारी गेम लावला." अस्मा म्हणायची, "खाना खाओ पहले."

दिवाळीच्या आधी एकदा कसल्याशा कारणानं गाव बंद होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पूनमसिंग दुपारी आला आणि म्हणाला, "अय्याज, या पंख्यायचा आवाज तुह्या घरात जाते ना? भाभीले डोकेदुखी राह्यते, अन आपण इकडे भोंगे लावून बसतो. मले बरं नाई वाटत. तू घरात जाऊन बस. मी हळूहळू कमी करतो. आवाज बंद झाला की सांगजो."

अय्याजला ते फार बरं वाटलं. अस्माला त्यानं सांगितलं, तिलाही बरं वाटलं. तिनं चहा ठेवला. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि फोन कानाशी धरला.

"आता?"

"येते."

"आता?"

"बारीक येते."

"अन आता?"

अय्याजनं कप खाली ठेवला आणि डोळे मिटले. "आता नाई."

"मिनिटाला सहाशे वीस फेरे," पलीकडून पूनमसिंग म्हणाला. "ठीक आहे. एवढ्यावर चालते की नाई मशीन?"

"नुसती चालू ठेवली तर चालते. काम देलं तर नाई. तापन."

"बरं बरं. पाहू."

त्यानंतर विषय निघाला नाही. दिवसा पंखे पूर्वीसारखेच ऐकू यायचे, आणि अस्मानं कधी तक्रार केलेलीच नव्हती. तेव्हापासून पूनमसिंग सकाळी शटर उघडायला आणि रात्री पाडायला स्वतःच येऊ लागला. "तू आराम कर. दिवसभर तूच तर राह्यतं," तो म्हणायचा.

चार नंबर जळल्यावर आठवड्याभरात गावात सगळीकडे झालं. मुलीचं वर्ष गेलं, अय्याजच्या हातून. शाळेच्या शिपायानं येऊन दुरुस्तीला दिलेले दोन संगणक तसेच परत नेले. "हेडमास्तर म्हणाले, यवतमाळले दाखवू," तो म्हणाला, आणि त्यानं अय्याजच्या तोंडाकडे पाहिलं नाही. अय्याज रोज दुपारी चार नंबरसमोर बसायचा आणि आपलं काय चुकलं ते शोधायचा. त्याची रेषा बरोबर होती. हजारदा आठवून पाहिली तरी बरोबरच होती.

आठव्या दिवशी त्यानं मशीन सुटी करायला घेतली. पुढची जाळी काढली आणि तो थांबला. जाळीवर रुईचा जाड थर होता. जळण्याच्या पाच दिवस आधी त्यानं ती स्वतः झटकली होती. दिवसाला आठ-दहा तास चालणाऱ्या मशीनवर पाच दिवसांत एवढी रुई बसत नाही. त्यानं एक नंबरची जाळी काढली. मग तीन, मग सहा. सगळीकडे तेच. सहा नंबरचं ग्राफिक कार्ड उघडलं तर आतल्या उष्णता वाहून नेणाऱ्या पट्ट्या तेल पाझरून कोरड्या पडल्या होत्या, तीन वर्षं वापरल्यासारख्या.

त्यानं दोन नंबरवर पंख्यांचा प्रोग्राम उघडला. हिवाळ्यात तो तिकडे जात नसे, वेग एकदा उन्हाळ्यात बसवले की वर्षभर पुरत. यादीत त्याची रोजची रेषा होती. तिच्या खाली आणखी एक नाव होतं. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, अय्याज.

क्षणभर त्याला वाटलं, आपणच कधीतरी केलं असेल. त्यानं त्यावर क्लिक केलं. पडद्यावर आडवी सरळ रेघ आली. मशीन चाळीसवर असो की पंच्याऐंशीवर, पंखे सहाशे वीसच्या वर जाणार नव्हते.

प्रोग्राममध्ये तापमानाची नोंद राहते. अय्याजनं ती मागे मागे नेली. दिवाळीपासून रोज रात्री अकराला मशीन ऐंशीच्या वर चढत होती आणि सकाळपर्यंत तिथेच राहत होती. कशासाठी, ते शोधायला त्याला भाच्याला फोन करावा लागला. भाच्यानं सांगितलं, हे मायनिंग आहे. ग्राफिक कार्डाला रात्रभर आकडेमोड करायला लावायची, त्यातून इंटरनेटवरचं नाणं मिळतं, या हिवाळ्यात त्याला फार भाव आला आहे. "मामानं माह्याकडूनच शिकलं," भाचा म्हणाला. "तुमाले नाई सांगितलं काय?"

अय्याजनं फोन ठेवला. भिंतीच्या पलीकडे अस्मा भांडी घासत होती. प्रत्येक ताटलीचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूनमसिंग शटर उघडायला आला तेव्हा अय्याज पायरीवर होता. दोघे आत गेले. अय्याजनं दोन नंबर लावली आणि ती आडवी रेघ त्याला दाखवली.

पूनमसिंग पडद्याकडे पाहत खुर्चीत बसला. त्यानं नाकारलं नाही. "तुले इचारलं असतं तर तू हाव म्हटलं नसतं," तो म्हणाला.

"इचारून पाह्यलं काय?"

"कायले पाहू? तुले मी ओळखत नाई काय? औंदा बोंडअळीनं सारी पऱ्हाटी खाल्ली. लोकायच्या घरात काही नाई, तं पोरं खेळाले कुठून येतीन? मशिनी रात्रभर नुसत्या बसून राह्यतात. मी म्हटलं, दोन-तीन महिने चालवतो. मंग तुलेच देणार होतो अर्धं."

"कवा?"

पूनमसिंग माउसची वायर बोटाला गुंडाळू लागला.

"भाभीले त्रास होते म्हणालता तू," अय्याज म्हणाला. "तिनं चहा ठेवलता त्या दिवशी. मी डोळे मिटून आयकत होतो."

"अय्याज..."

"माहं नाव कायले देलं त्याले?"

पूनमसिंगनं बाहेर रस्त्याकडे पाहिलं. एक बाई डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो पाहत राहिला. "काहीतरी नाव द्या लागते," तो शेवटी म्हणाला. "तुह्यासाठीच तर होतं थे. तुले आवाज जाऊ नाई म्हणून. दुसरं काही सुचलंच नाई."

अय्याजला वाटलं होतं की आपण ओरडू. पण वामनरावांसमोर आपण मान खाली घालून उभे होतो तेव्हा हा काउंटरमागे उभा होता, एवढंच त्याला दिसत राहिलं. हा खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, मनाला लावून नको घेऊ.

"एक आयक," पूनमसिंग घाईनं म्हणाला. "पोरीच्या दिवशी माही चूक नव्हती. रोज सकाळी शटर उघडलं की मी आधी तुही रेषा लावतो. त्या दिवशी पण लावली होती, चारवर सुद्धा. आईची शपथ."

"बस कर."

"खरं सांगून राह्यलो."

"मी म्हणतो बस कर." अय्याजनं खिशातून आपल्याजवळची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "निकिताच्या घरी जाऊन सांग. मी नाई, तू केलं म्हणून. तेवढं कर."

"सांगीन," पूनमसिंग म्हणाला.

तो निकिताकडे गेला नाही. पंधरा दिवस झाले. गेम झोन रोज उघडत होता, पोरं येत होती. अय्याज घरात बसून पंखे ऐकायचा. कुणी जाळ्या झटकत नव्हतं, पंख्यांचा आवाज जड झाला होता. अस्मानं एकदा विचारलं, "पूनमभाई नहीं आए बहुत दिन?" त्यानं सगळं तिला सांगितलं. चहाचं सांगितलं तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मग एका दुपारी अय्याजनं स्वतःच एसटी धरली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरांत कापसाच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. काही अजून उभ्या होत्या, न फुटलेली काळी बोंडं तशीच अंगावर घेऊन. वामनरावांचं घर गावाच्या तोंडाशीच होतं. ते वावरात गेले होते. निकितानं ओसरीवर खुर्ची ठेवली आणि पाणी आणून दिलं. ती वाळल्यासारखी दिसत होती. आतल्या खोलीत कुठलासा संगणक चालू होता.

"त्या दिवशीचं सांगाले आलो, बेटा," अय्याज म्हणाला. "मशीन काहून जळली, थे कळलं."

निकिता खांबाला टेकून उभी होती. ती एकदम म्हणाली, "चाचा, मलेही तुमाले एक सांगाचं होतं. मीच येणार होते, पण हिंमत नाई झाली."

"सांग ना."

"त्या दिवशी सकाळी मी पंख्याचं बदलवलं होतं." ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "काम लांबचं होतं. मले भेव वाटलं, मशीन गरम होईन म्हणून. तो प्रोग्राम उघडून पाह्यला तं यादीत तुमचं नाव दिसलं. मले वाटलं, चाचानं मोठ्या कामासाठी वेगळं बनवून ठेवलं असन. मी थेच लावलं. मंग जळली. तुम्ही बाबासमोर म्हणाले चूक माही, अन मी चूप राह्यले. कोणाले सांगितलं नाई. बाबाले पण नाई." तिनं वर पाहिलं. "माह्यानं जळली काय, चाचा?"

अय्याजच्या हातात पाण्याचा गिलास होता. तो त्यानं खाली ठेवला. पूनमसिंग आईची शपथ घेत होता ते खरं होतं तर. त्या एवढ्याशा खऱ्याचा आता काही उपयोग नव्हता. वाटेत त्यानं जुळवून आणलेलं सगळं, पूनमसिंगचं नाव, सहाशे वीस, भिंत, फोन, तोंडाशी आलं होतं. ते सांगितलं तर त्याच्यावरचा ठपका जात होता. पण ती विचारणार होती, की मग ते चारवर त्या सकाळी लावलं कुणी. आणि त्याचं उत्तर तिला आधीच माहीत होतं, तिनं स्वतः.

"थे तुमचंच होतं ना?" तिनं विचारलं.

"हाव," अय्याज म्हणाला. "माहंच होतं."

"मंग?"

"त्याच्यात आकडा चुकीचा टाकलता मी. पंखे वाढतच नव्हते. तेच सांगाले आलतो."

"म्हणजे मी लावलं म्हणून नाई?"

"तू बरोबर लावलं. नाव पाहून लावलं, त्याच्यात तुही काय चूक? नाव देणाऱ्यानं पाहाले पाह्यजे होतं."

निकितानं मोठा श्वास घेतला. तीन-चार आठवडे छातीवर धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला. ते अय्याजनं पाहिलं. आणि मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू दुसरं काही येत गेलेलंही त्यानं पाहिलं. राग नव्हता तो. अनोळखी माणसाशी बोलताना असतं, तसं काहीतरी होतं.

"बरं झालं तुम्ही सांगितलं," ती म्हणाली. "मले वाटे, माहंच चुकलं."

"नाई."

"माह्या मामानं त्याचा जुना संगणक देला. पुढच्या वर्षी परत भरीन फॉर्म."

"भर," अय्याज म्हणाला. "फिल्म चांगली आहे तुही."

आतल्या खोलीतल्या संगणकाच्या पंख्याला एक वायर लागत होती. टिक, टिक, टिक, एका लयीत. आल्यापासून त्याला ते ऐकू येत होतं. झाकण काढून वायर बोटभर बाजूला सारायची, दोन मिनिटांचं काम. तसंच राहिलं तर उन्हाळ्यापर्यंत पंख्याचं पातं तुटणार होतं. तो थोडा वेळ बसून राहिला. ती म्हणेल, चाचा, जरा पाहता काय, असं त्याला वाटत होतं.

निकितानं गिलास उचलला. "पाचची गाडी आहे तुमची," ती म्हणाली. "मंग सातशिवाय दुसरी नाई."

"हाव. जातो."

तो उठला, ओसरीच्या कडेला बसून चपला घातल्या आणि निघाला. अंगणभर ती टिकटिक त्याच्या मागोमाग येत होती. रस्त्यावर आल्यावर पऱ्हाट्यांनी भरलेला एक ट्रॅक्टर धडधडत जवळून गेला. तो लांब जाईपर्यंत अय्याज कडेला थांबला. मग एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.